महमूद गवान : दाभोळ बंदर ते बीदर दरबार

बीदरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना महमूद गवान मदरशाचा उंच मिनार दिसतो. १४७२ ची ही वास्तू आपल्या सर्वांच्या परिचयाची. पण ती बांधणारे गवान मुळात व्यापारी होते.

त्यांचा जन्म इराणमधील गिलान प्रांतात, १४११ च्या सुमारास झाला. १४५३ मध्ये ते जहाजाने दाभोळला उतरले आणि घाट चढून बीदरला आले. बहमनी दरबारात त्यांना मान मिळाला. मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब मिळाला आणि पुढे ते राज्याचे वजीर झाले.

राज्याची नड त्यांनी नेमकी ओळखली. लढाईचे उत्तम घोडे दख्खनमध्ये पुरेसे मिळत नसत. ते अरबस्तान आणि इराणहून समुद्रमार्गे चौल, दाभोळ, गोव्याला येत. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून वर्षाचा माल मोजक्या महिन्यांत उतरवावा लागे. त्यातच खेळणा (आजचा विशाळगड) आणि संगमेश्वरचे राजे जहाजे अडवीत. त्यांच्या दृष्टीने किनारा त्यांचाच होता. गोवा तर विजयनगरच्या ताब्यात होते.

गवान यांनी १४६९ मध्ये कोकणात मोहीम काढली. जंगल तोडत, पावसाळ्यात घाटावर मुक्काम करत त्यांनी खेळणा घेतला आणि १४७२ मध्ये गोवा जिंकले. विजयनगरला आता घोड्यांसाठी भटकळसारख्या बंदरांवर भिस्त ठेवावी लागली.

पण बंदर हाती आले म्हणजे माल सुखरूप पोहोचतोच असे नाही. त्याच सुमारास चौलला उतरलेल्या निकितीन या रशियन व्यापाऱ्याचा घोडा जुन्नरच्या अंमलदाराने काढून घेतला होता. तो खटपटीनंतर परत मिळाला. अशा बलाढ्य सुभेदारांना आवरण्यासाठी गवान यांनी चार सुभ्यांचे आठ केले आणि सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला.

हीच शिस्त त्यांच्या जिवावर बेतली. दुखावलेल्या सरदारांनी त्यांच्या शिक्क्याचे बनावट पत्र तयार केले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाने सत्तरीतल्या वजिराचा शिरच्छेद करविला. त्यांच्या खजिन्यात फारसे काही सापडले नाही, असे सांगतात.

वर्षभरात सुलतानही वारला. सुभेदार स्वतंत्र झाले, गोवा विजापूरकडे गेले आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतले. बंदर आणि राजधानी यांना जोडणारा माणूस गेला आणि बीदरचा समुद्राशी असलेला धागाही तुटला. मदरसा पाहायला मुलांना नेताना दाभोळची ही गोष्टही त्यांना जरूर सांगावी.