मॉरिस स्टोक्स आणि त्याचा सोबती

बास्केटबॉल हा खेळ आमच्या शाळांच्या पटांगणांस नवा नाहीं. इ. स. १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिवाळ्यांत तरुणांना छपराखालीं व्यायाम घडावा म्हणून तो काढला. आणि त्याच संस्थेच्या लोकांनीं पुढें तो आपल्या देशांत आणला. दहा फूट उंचीवर कडी, तिच्या मागें फळी, एक चेंडू आणि पांच-पांच गड्यांचे दोन संघ, एवढीच आज या खेळाची सामग्री. या खेळांत कीर्ति मिळविणारे पुरुष पुष्कळ झाले. त्यांपैकीं ज्याची कारकीर्द अवघी तीन वर्षें टिकली, आणि ज्यास त्यापुढील बारा वर्षें रोगशय्येवर व चाकांच्या खुर्चींत काढावीं लागलीं, अशा एका खेळाडूचें चरित्र यंदा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॉरिस स्टोक्स याचा जन्म ता. १७ जून १९३३ रोजीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील रँकिन या गांवीं झाला. पिट्सबर्ग शहराभोंवतींचा हा मुलूख पोलादाच्या कारखान्यांचा आहे; मॉरिसचे वडील अशाच एका कारखान्यांत काम करीत. कुटुंब कृष्णवर्णीय होतें, आणि त्या काळीं अमेरिकेंत कृष्णवर्णीयांस किती दारें बंद असत हें आमच्या विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहेच. पुढें हीं मंडळी पिट्सबर्ग शहरांत राहावयास गेलीं, व मॉरिस तेथील वेस्टिंगहाउस हायस्कुलांत शिकूं लागला. पहिलीं दोन वर्षें त्यास शाळेच्या संघांत पहिल्या पांचांत स्थान मिळालें नाहीं. परंतु पुढें त्याच्या साह्यानें त्या शाळेनें १९५० व १९५१ अशा लागोपाठ दोन वर्षीं शहराचें विजेतेपद मिळविलें. ज्या विद्यार्थ्यांचीं नांवें यंदा संघाच्या यादींत आलीं नाहींत, त्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शालेय शिक्षण संपल्यावर मॉरिस लोरेटो येथील सेंट फ्रान्सिस कॉलेजांत गेला. फ्रान्सिस्कन संघाच्या संन्याशांनीं चालविलेलें हें कॉलेज आकारानें लहान होतें. मोठमोठ्या विद्यापीठांपुढें त्याचें नांव कोण घेणार? परंतु १९५५ सालीं न्यूयॉर्क शहरीं भरलेल्या राष्ट्रीय निमंत्रण स्पर्धेंत या लहानशा कॉलेजानें चौथा क्रमांक पटकाविला; आणि संघ चौथा आला असतांहि सबंध स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॉरिसचीच निवड झाली. तिसऱ्या क्रमांकासाठीं झालेल्या सामन्यांत त्याच्या संघास सिनसिनाटी विद्यापीठानें हरविलें. त्या विजयी संघांत जॅक ट्वायमन नांवाचा एक गौरवर्णीय तरुण होता. तोहि पिट्सबर्गचाच. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण यापुढें मॉरिसची कथा या तरुणाच्या कथेपासून वेगळी काढतां येत नाहीं.

त्याच वर्षीं रॉचेस्टर रॉयल्स या धंदेवाईक संघानें दोघांसहि आपल्याकडे घेतलें, व कालचे प्रतिस्पर्धी आज सोबती झाले. मॉरिसची उंची सहा फूट सात इंच होती व शरीर भरभक्कम होतें. तथापि एवढ्या थोराड देहाचा माणूस ज्या चपळाईनें चेंडू घेऊन धांवे व नेमक्या क्षणीं सोबत्याकडे टाकी, ती पाहून जाणते लोक थक्क होत. कडींत न शिरतां परत उडालेला चेंडू उंच उडी घेऊन हस्तगत करणें यास रिबाउंड म्हणतात. या कामांत त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी होता. पहिल्याच वर्षीं एका सामन्यांत त्यानें ३८ रिबाउंड मिळविले, व त्या हंगामांतील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान त्यास मिळाला. १९५६-५७ च्या हंगामांत त्याच्या रिबाउंडांची संख्या १,२५६ झाली. तोंपर्यंत त्या मंडळाच्या सामन्यांत एका हंगामांत एवढी मजल कोणीं मारली नव्हती. निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीं तीनहि वर्षें त्याची निवड झाली. त्या तीन वर्षांत सर्वांत अधिक रिबाउंड त्याचे. आणि सोबत्याच्या हातीं चेंडू देऊन त्याजकडून गुण करविण्यांत बॉब कूझी या एकट्याचाच नंबर त्याच्यावर होता. जो घेण्यांत पहिला तोच देण्यांत दुसरा, असा योग खेळांत विरळा आढळतो. १९५७ सालीं रॉयल्स संघानें आपलें ठाणें सिनसिनाटी शहरीं हलविलें. मॉरिस त्यावेळीं चोवीस वर्षांचा होता.

ता. १२ मार्च १९५८ रोजीं मिनिआपोलिस येथें हंगामांतील शेवटचा नियमित सामना होता. मॉरिस चेंडू घेऊन कडीकडे झेंपावला असतां धक्का लागून खालीं कोसळला व त्याचें डोकें जमिनीवर आपटलें. कांहीं मिनिटें तो बेशुद्ध होता. त्या काळच्या रीतीप्रमाणें नाकाशीं उग्र क्षार धरून त्यास शुद्धीवर आणण्यांत आलें, आणि तो उठून पुन्हां खेळूं लागला! प्रेक्षकांस त्याच्या धैर्याचें कौतुकच वाटलें असेल. तीन दिवसांनीं, ता. १५ रोजीं, डेट्रॉइटच्या संघाविरुद्धच्या सामन्यांतहि तो उतरला व त्यानें १२ गुण व १५ रिबाउंड मिळविले. मेंदूंतील इजा वरून दिसत नाहीं. ती आंतल्या आंत वाढत होती.

त्याच रात्रीं संघ विमानानें सिनसिनाटीस परत निघाला. वाटेंत मॉरिसची प्रकृति एकाएकीं बिघडली, त्यास झटके आले व तो बेशुद्ध झाला. पुष्कळ दिवसांनीं त्यानें डोळे उघडले, तेव्हां सर्वांग लुळें पडलें होतें व वाचाहि गेली होती. मेंदूच्या ज्या भागाच्या आज्ञेनें हातपाय हालतात, त्यासच पडण्यानें अपाय झाला असल्याचें डॉक्टरांस आढळलें. बुद्धि मात्र पूर्ववत् शाबूत होती. तो सर्व ऐके, सर्व समजे, सर्व आठवी. आणि बोटहि हालवूं शकत नसे. अशा स्थितींत जागें होणें म्हणजे काय, याची कल्पना करतांना आमची लेखणी अडखळते.

आजाराबरोबर दुसरें संकट आलें तें पैशाचें. संघाकडून मिळणारें वेतन बंद झालें. खेळाडूच्या अंगावर असा प्रसंग आल्यास त्याची पुढें काय व्यवस्था, याची तरतूद त्या काळीं नव्हती. कुटुंब दूर पिट्सबर्गला, परिस्थिति बेताची. आणि मॉरिसचे स्वतःचे थोडेबहुत पैसे पेढींत असले तरी ते काढण्यास सही करावयाची कोणीं? इतर खेळाडू हंगाम संपतांच आपापल्या गांवीं पांगले. जॅक ट्वायमनचें घर सिनसिनाटींतच होतें. त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें व त्यास स्वतःचा संसार होता. त्यानें न्यायालयांत जाऊन मॉरिसचें कायदेशीर पालकत्व पत्करलें. एका गौरवर्णीय तरुणानें आपल्याहून वर्षानें वडील अशा कृष्णवर्णीय माणसाचा पालक व्हावें, ही त्या काळच्या अमेरिकेंत सामान्य गोष्ट नव्हती.

जॅकनें पहिलें काम केलें तें हक्काचें. कामावर असतां जखमी झालेल्या कामगारास ओहायो संस्थानाच्या कायद्यानें भरपाई मिळत असे. मॉरिस हाहि कामावर असतांच जखमी झाला, असें अधिकाऱ्यांस पटवून त्यानें ती भरपाई मिळविली. परंतु रुग्णालयाचा खर्च तेवढ्यानें भागणारा नव्हता. म्हणून न्यूयॉर्क संस्थानांतील माँटिसेलो येथें, मिल्टन कुत्शर यांच्या विश्रामगृहाच्या मैदानावर, मॉरिसच्या मदतीसाठीं एक सामना भरविण्यांत आला. पुढें दरसाल तो होऊं लागला, व विल्ट चेंबरलेनसारखे नामांकित खेळाडू त्यांत खेळूं लागले. इकडे जॅकचा स्वतःचा खेळ मंदावला म्हणावें तर तसेंहि नाहीं. १९५९-६० च्या हंगामांत त्यानें दर सामन्यास सरासरीनें ३१ हून अधिक गुण केले.

दोघां मित्रांचें संभाषण कसें चाले, हें ऐकण्यासारखें आहे. जॅक वर्णमालेंतील अक्षरें एकामागून एक उच्चारी. हवें तें अक्षर येतांच मॉरिस पापण्या मिटी. अशा रीतीनें अक्षरास अक्षर जोडून शब्द, आणि शब्दास शब्द जोडून वाक्य होई. आमच्या वर्गांत एक वाक्य लिहावयास कंटाळणारे विद्यार्थी आहेत. त्यांनीं हें वाक्य किती कष्टाचें असेल याचा हिशेब मनाशीं करून पाहावा.

मॉरिसहि स्वस्थ पडून राहिला नाहीं. ज्या जिद्दीनें तो पूर्वीं चेंडूवर झडप घाली, त्याच जिद्दीनें तो आतां एकेका स्नायूशीं झगडूं लागला. वर्षानुवर्षांच्या व्यायामानें त्याचीं बोटें थोडथोडीं हालूं लागलीं. तो टंकलेखनयंत्रावर लिहावयास शिकला, आणि त्यावर त्यानें जॅकला आभाराचें पत्र लिहिलें. पुढें तो चित्रें रंगवूं लागला, कांहीं शब्द बोलूं लागला, व आधारानें थोडीं पावलेंहि टाकूं लागला. पूर्वींच्या काळांतील १,२५६ रिबाउंडांपेक्षां हीं थोडीं पावलें आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात.

ता. ६ एप्रिल १९७० रोजीं हृदयविकारानें मॉरिसचा अंत झाला. तो छत्तीस वर्षांचा होता. ज्या रुग्णालयांत त्यानें प्राण सोडला त्याचें नांव दयाळू शोमरोन्यावरून ठेवलेलें आहे. वाटेंत घायाळ पडलेल्या परक्यास उचलून त्याच्या खर्चाची हमी घेणाऱ्या त्या पुरुषाची गोष्ट आमच्या वाचकांस परिचित आहे. जॅकच्या वागणुकीवर निराळें भाष्य करण्याचें मग कारण उरत नाहीं. मॉरिसचें दफन लोरेटो येथें, त्याच्या जुन्या कॉलेजाच्या संन्याशांच्या स्मशानभूमींत करण्यांत आलें. माँटिसेलो येथील सामने त्याच्या मरणानंतरहि चालू राहिले, व त्यांचें उत्पन्न इतर गरजू जुन्या खेळाडूंच्या उपयोगी पडलें. २००४ सालीं स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत मॉरिसचें नांव दाखल झालें. तो मान त्याच्या वतीनें स्वीकारण्यास जॅकच उभा होता. जॅक २०१२ सालीं निवर्तला. आणि त्यानंतर लगेच अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल मंडळानें दोघांच्या नांवानें एक वार्षिक पारितोषिक सुरू केलें. अधिक गुण करणाऱ्याचा त्यावर हक्क नाहीं. जो उत्तम सोबती ठरेल त्यास तें मिळतें.

या चरित्रांतून घेण्यासारखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. डोक्यास मार लागून भोंवळ आली, ओकारी झाली अथवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तरी खेळाडूनें त्या दिवशीं पुन्हां मैदानांत उतरूं नये, व डॉक्टरांनीं अनुज्ञा दिल्याविना पुढेंहि खेळूं नये. त्याच मंडळानें यासंबंधीं निश्चित नियम २०११ सालीं केले. मॉरिसच्या त्या सामन्यास तोंवर त्रेपन्न वर्षें होऊन गेलीं होतीं. मार लपवून खेळणाऱ्या मुलास शूर म्हणण्याची चाल आमच्याहि पटांगणांवर आहे. पालकांनीं, शिक्षकांनीं व कप्तानांनीं ती मोडावी. घरीं आल्यावर मुलानें डोकें दुखतें म्हणून सांगितलें तर त्यास अभ्यास चुकविण्याचें निमित्त समजूं नये.

दुसरी गोष्ट सोबत्यांविषयीं. सामना जिंकल्यावर खांद्यावर घेऊन नाचणारे पुष्कळ मिळतात. परंतु रुग्णालयाचीं बिलें तपासणें, कचेऱ्यांतून अर्ज करणें, शिणलेल्या संध्याकाळीं खाटेशेजारीं बसून अक्षरें म्हणत राहणें, हें काम जॅकनें बारा वर्षें केलें, आणि त्यांतील बहुतेक वेळीं त्याकडे पाहणारा प्रेक्षक कोणी नव्हता. विद्यार्थिमित्रांनो, यंदा आपल्या वर्गांतील जो सोबती आजारामुळें कित्येक दिवस शाळेंत आला नसेल, त्याच्या घरीं जाऊन त्यास धडे सांगून या. मॉरिस स्टोक्सचें स्मरण करण्याची याहून चांगली रीत आम्हांस सुचत नाहीं.