डॉ. हाफकिन

डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म सन १८६० मध्यें ओडेसा शहरीं झाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ पसरली, तेव्हां सरकारनें त्यांस पाचारण केलें. तीन महिन्यांत त्यांनीं लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांनीं स्वेच्छेनें ती घेतली.

१९०२ सालीं पंजाबांत लस टोचल्यावर १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिनांच्या माथीं आला. पांच वर्षांनीं ते निर्दोष ठरले. मुंबईच्या परळ येथील संस्थेस १९२५ सालीं त्यांचें नांव दिलें गेलें. १९३० सालीं ते निवर्तले.

मूल गांवच्या बालमित्रांनो, लशीची सुई पाहून भय वाटलें, तर ह्या पुरुषाचें स्मरण करावें. लोकांस सांगण्यापूर्वीं त्यानें ती स्वतःस टोचली होती.