वीस हजार अक्षरे मोजणारा माणूस

आमच्या प्रॅक्टिकलला एक प्रोग्राम आला होता. मोठ्या यादीत कुठल्या दोन किमती लागोपाठ किती वेळा येतात ते मोजायचं. मी प्रत्येक जोडीसाठी अख्खी यादी पहिल्यापासून चाळली. आम्ही खाली जाऊन चहा पिऊन आलो, तरी प्रोग्राम आपला चालूच! त्या निमित्ताने ओळख झाली ती आंद्रेई मार्कोव्ह यांची. असंच काम त्यांनी १९१३ साली हाताने केलं होतं.

मार्कोव्ह यांचा जन्म १८५६ साली रशियात र्‍याझान येथे झाला. पायाच्या दुखण्यामुळे लहानपणी कुबड्या घेऊन चालावे लागे. शाळेत गणित सोडून बाकी विषयांत बोंबच (हे वाचून मला फार बरं वाटलं). पुढे सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात चेबिशेव्ह यांच्या हाताखाली शिकून ते तिथेच प्राध्यापक झाले.

स्वभाव मात्र भडक. १९०८ मध्ये सरकारने प्राध्यापकांना विद्यार्थ्यांवर नजर ठेवायला सांगितलं. मार्कोव्ह यांनी साफ नकार दिला आणि त्यापायी विद्यापीठातलं शिकवणं सुटलं.

त्यांचं दुसरं भांडण नेक्रासोव्ह या गणितज्ञाशी. नेक्रासोव्ह यांचं म्हणणं असं, की घटना एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच मोठ्या संख्यांचा नियम लागू पडतो. मार्कोव्ह यांनी १९०६ साली सिद्ध केलं, की एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांनाही तो लागू पडू शकतो. मग उदाहरण म्हणून त्यांनी घेतलं पुश्किन यांचं 'येव्गेनी ओनेगिन' हे काव्य!

त्यातली पहिली २०,००० अक्षरं त्यांनी दहा बाय दहाच्या चौकटींत मांडली. अशा चौकटी झाल्या २००. स्वर निघाले ८६३८ आणि व्यंजनं ११,३६२. लागोपाठ दोन स्वर आले ११०४ वेळा. आता गंमत बघा. स्वरानंतर व्यंजन किती वेळा? वेगळं मोजायची गरजच नाही. ८६३८ मधून ११०४ वजा करा, ७५३४! निष्कर्ष असा, की व्यंजनानंतर स्वर येण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के, पण स्वरानंतर स्वर येण्याची जेमतेम १३ टक्के. म्हणजे पुढचं अक्षर मागच्यावर अवलंबून असतं.

१९२२ साली मार्कोव्ह वारले. त्यांच्या 'मार्कोव्ह साखळी'वरच पुढे १९९८ मध्ये गूगलची पेजरँक पद्धत उभी राहिली.

मी माझा प्रोग्राम परत लिहिला. दोन बाय दोनचं कोष्टक, मागचं अक्षर एका व्हेरिएबलमध्ये, आणि यादीवरून एकच फेरी. एंटर दाबलं आणि उत्तर हजर. चहा राहून गेला, एवढंच!