प्रधानपुत्र श्रीचक्रधर

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे एक गाव आहे. दिसायला ते वऱ्हाडातील इतर गावांसारखेच आहे. तरीही मराठी भाषेच्या इतिहासात या गावाला मोठा मान आहे. या गावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते श्रीचक्रधर स्वामी मात्र वऱ्हाडचे नव्हते. त्यांची मातृभाषाही मराठी नव्हती.

ही सुमारे आठशे वर्षांपूर्वीची हकिकत आहे. गुजरातमध्ये नर्मदा नदीच्या काठी भडोच हे भरभराटीचे शहर होते. तेथील राजाचे प्रधान विशाळदेव हे फार मानाचे गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीचे नाव माल्हणदेवी होते. या दोघांचा मुलगा म्हणजे हरिपाळदेव. घरात कशाचीच उणीव नव्हती. धनदौलत होती, नोकरचाकर होते. हरिपाळदेव लाडाकोडात वाढले. मोठे झाल्यावर कमळाइसा नावाच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पुढे वडिलांप्रमाणे तेही दरबारात मोठे पद मिळवतील, असेच सर्वांना वाटत होते.

पण तसे घडले नाही. एकदा हरिपाळदेव अतिशय आजारी पडले. लोकांनी त्यांना मृत समजून स्मशानात नेले. तेथे ते पुन्हा उठून बसले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. या प्रसंगानंतरही ते काही काळ संसारात राहिले. त्यांना जुगाराचा नाद होता. एकदा ते मोठी रक्कम हरले. ती फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत. शेवटी वडिलांनी पैसे भरले आणि मुलाची अब्रू राखली. पण या गोष्टीचा हरिपाळदेवांच्या मनावर खोल परिणाम झाला. ज्या धनासाठी माणसे एकमेकांपासून दूर जातात, त्या धनाची त्यांना गोडी उरली नाही.

त्यांनी रामटेकच्या यात्रेला जाण्याची परवानगी मागितली. रामटेक नागपूरजवळ आहे. तेथे जायचे म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या राज्यातून जावे लागे. गुजरातचे राजे आणि यादव यांच्यात वैर होते. त्यामुळे वडिलांचा जीव घाबरा झाला. त्यांनी मुलाला परोपरीने समजावले, पण मुलगा ऐकेना. अखेर वडिलांनी त्याच्याबरोबर माणसे देऊन त्याला निरोप दिला. हरिपाळदेव निघाले. वाटेत त्यांनी बरोबरच्या माणसांना थोडे थोडे करून परत पाठवले. प्रधानाचा मुलगा आता एकटाच पायी चालू लागला.

असे चालत चालत ते रिद्धपूरला आले. तेथे गोविंदप्रभू नावाचे एक सत्पुरुष राहत असत. गोविंदप्रभूंचे आईवडील त्यांच्या लहानपणीच वारले होते. नातेवाइकांनी त्यांना वाढवले होते. ते गावभर मनमोकळेपणाने फिरत, लहान मुलांत खेळत. कोणाच्या घरी जाताना ते जात पाहत नसत. काही लोक त्यांना वेडे समजत, तर गोरगरीब त्यांना आपली आई मानत. हरिपाळदेवांना ते बाजारात भेटले. गोविंदप्रभूंनी आपल्या हातातील खाण्याचा पदार्थ त्यांना प्रसाद म्हणून दिला. त्या एका भेटीने हरिपाळदेवांचे आयुष्य बदलले. ते पुन्हा भडोचला परतले नाहीत. हरिपाळदेव हे नाव मागे पडले आणि पुढे लोक त्यांना चक्रधर या नावाने ओळखू लागले.

त्यानंतर चक्रधरांनी पुष्कळ वर्षे भटकंती केली. मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या डोंगरात ते दीर्घकाळ एकान्तात राहिले. तेलंगणातील वरंगळ येथे त्यांनी काही काळ पुन्हा संसार केला, पण तेथेही ते रमले नाहीत. एकदा ते झाडाखाली बसले असता एक ससा धावत आला आणि त्यांच्या मांडीखाली लपला. त्याच्यामागे शिकारी आणि त्यांचे कुत्रे होते. शिकारी ससा मागू लागले. चक्रधरांनी आश्रयाला आलेला तो जीव त्यांच्या हाती दिला नाही. त्यांनी शिकाऱ्यांना शांतपणे समजावले. शिकारी शरमले आणि ससा वाचला.

पुढे पैठणच्या परिसरात चक्रधरांभोवती शिष्य जमू लागले. त्यांत विद्वान होते, तसेच साधे लोकही होते. स्त्रियांची संख्या मोठी होती. कोणाला उच्च आणि कोणाला नीच मानू नये, कोणत्याही जिवाला दुखवू नये, अशी त्यांची शिकवण होती. त्या काळी धर्माची चर्चा संस्कृत भाषेत होत असे. ती थोड्याच लोकांना कळे. चक्रधरांनी लोकांची मराठी भाषा आपलीशी केली आणि त्याच भाषेत शिकवण दिली. त्यांचे बोलणे शेतकऱ्यालाही समजे. त्यांच्या अनुयायांच्या पंथाला महानुभाव पंथ म्हणतात.

यादवांच्या दरबारातील काही वजनदार लोकांना हे आवडले नाही. त्यांनी चक्रधरांना विरोध केला. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले, असे महानुभाव मानतात. त्यानंतर शिष्यांना ते पुन्हा दिसले नाहीत.

शिष्य दुःखाने व्याकूळ झाले. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख होते. ते सर्वांना घेऊन रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिले. आता एक मोठी काळजी होती. स्वामी गेले, त्यांच्या आठवणीही हळूहळू नाहीशा होणार का? म्हाइंभट नावाचा एक विद्वान शिष्य होता. त्याने हे काम हाती घेतले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांना तो गावोगाव जाऊन भेटला. प्रत्येक आठवण त्याने विचारून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे लीळाचरित्र हा ग्रंथ तयार झाला. हे मराठीतील पहिले मोठे गद्य चरित्र मानले जाते. पुढे धामधुमीच्या काळात मूळ प्रत नष्ट झाली. पण शिष्यांना ग्रंथ पाठ होता. त्यांनी तो आठवून पुन्हा लिहिला.

याच रिद्धपुरात महदंबेने लग्नप्रसंगी गाण्याचे धवळे रचले. ती मराठीतील पहिली कवयित्री समजली जाते. काही विद्वान शिष्यांना संस्कृतमध्ये ग्रंथ लिहावे असे वाटे. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. तसे केले तर साध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. कालांतराने या पंथाचे लोक पंजाबपर्यंत पोहोचले. त्यांच्याबरोबर मराठी ग्रंथही तिकडे गेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचे कामही सुरू झाले. ज्या गावात आठवणी गोळा करून एक ग्रंथ लिहिला गेला, त्या गावाला मिळालेला हा मान योग्यच आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी उर्दू बोलली जाते आणि मराठी तुम्ही शाळेत शिकता. चक्रधरांनाही मराठी घरातून मिळालेली नव्हती. ती त्यांनी लोकांमध्ये राहून आपलीशी केली, आणि मग ते त्या भाषेचेच झाले. भाषा जन्माने मिळते, तशी ती प्रेमानेही मिळते. वडिलांची दौलत त्यांनी भडोचला सोडली. पण जी दौलत त्यांनी मराठीला दिली, ती आजही आपल्या सर्वांची आहे.