काचेच्या आत पाहणारा माणूस

विज्ञानाच्या इतिहासात ज्यांचा शोध थोडक्यात हुकला अशा माणसांची एक वेगळीच रांग आहे. सर विल्यम क्रुक्सला या रांगेत नेहमी पुढे उभे केले जाते. गोष्ट साधारण अशी सांगतात. क्रुक्सच्या प्रयोगशाळेत विजेच्या नळ्यांजवळ ठेवलेल्या फोटोच्या काचा पाकीट न उघडताच काळवंडत. माल खराब आहे असे समजून त्याने त्या कारखानदाराकडे परत पाठवल्या. पुढे १८९५ साली जर्मनीत वुर्झबर्ग येथे राँटजेनने क्ष-किरण शोधले, तेव्हा कुठे काचा निर्दोष होत्या हे उमगले. ही गोष्ट मी पुस्तकांत वाचली आहे, व्याख्यानांतही ऐकली आहे. सांगणारा शेवटी हमखास हसतो.

मला ते हसू पटत नाही. फोटोच्या काचांची गोष्ट खरी धरली तरी ती या प्रकरणातली सर्वांत किरकोळ बाब आहे. खरी हकिकत त्याहून चटका लावणारी आहे. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर डॉक्टरांच्या हाती जी नळी आली, ती जवळजवळ तशीच्या तशी क्रुक्सने सोळा-सतरा वर्षे आधी तयार केली होती, शेकडो लोकांसमोर पेटवून दाखवली होती, तिचे चित्रही छापले होते. त्या वेळीही तिच्यातून क्ष-किरण बाहेर पडत असलेच पाहिजेत. पण क्रुक्स काचेच्या आत पाहत होता.

क्रुक्सचा जन्म १७ जून १८३२ रोजी लंडनमध्ये झाला. बाप जोसेफ क्रुक्स शिंपी होता. पण शिंपी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तसला नव्हे. रीजंट स्ट्रीटसारख्या उंची वस्तीत त्याचे दुकान होते आणि हाताशी पैसा होता. या पैशाचा पोराला पुढे फार उपयोग झाला, कारण विद्यापीठातली मानाची खुर्ची त्याला जन्मभर मिळाली नाही. सोळाव्या वर्षी तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमन या जर्मन रसायनतज्ज्ञाकडे शिकायला गेला आणि पुढे त्याचाच मदतनीस झाला. मग थोडे दिवस ऑक्सफर्डच्या वेधशाळेत, थोडे दिवस चेस्टरला अध्यापन, १८५६ साली एलेन हम्फ्रीशी लग्न, आणि त्यानंतर लंडनला राहत्या घरातच प्रयोगशाळा. पोटापाण्यासाठी त्याने १८५९ साली 'केमिकल न्यूज' नावाचे नियतकालिक काढले. म्हणजे संपादक, सल्लागार, दहा मुलांचा बाप आणि उरलेल्या वेळात शास्त्रज्ञ, असा हा संसार होता.

१८६१ साली या घरगुती प्रयोगशाळेत त्याला वर्णपटात एक अनोळखी हिरवी रेघ दिसली. ते नवे मूलद्रव्य होते. कोवळ्या हिरव्या कोंभाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने त्याचे नाव थॅलियम ठेवले. दोनच वर्षांत तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने थॅलियमचे महत्त्व वेगळेच आहे. त्याचा अणुभार अचूक काढायचा तर वजन करताना हवेचा अडथळा नको, म्हणून क्रुक्सने तराजू निर्वात पेटीत ठेवला. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. जवळपास काही उष्ण असले की तराजू डळमळे. दुसरा कोणी असता तर उपकरणाचा दोष म्हणून त्याने तो भाग वगळला असता. क्रुक्स त्या दोषाच्याच मागे लागला. त्यातून १८७५ साली त्याचा प्रसिद्ध रेडिओमीटर निघाला. निर्वात काचेच्या गोळ्यात चार पाती, प्रत्येकीची एक बाजू काळी; ऊन पडले की ती भिरभिरू लागतात. प्रकाशाच्या दाबाने पाती फिरतात असे त्याला आधी वाटले होते. ते बरोबर नव्हते. गोळ्यात उरलेली चिमूटभर हवाच त्यांना फिरवत होती. मग ही उरलेली हवा नेमके करते तरी काय, या प्रश्नाने त्याला विजेच्या नळ्यांकडे नेले. ज्याने तराजूच्या डळमळण्याकडे दुर्लक्ष केले नाही, त्याला निष्काळजी कसे म्हणायचे?

इथे चार्ल्स गिमिंगहॅम या माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. तो क्रुक्सचा मदतनीस होता, आणि काच फुंकण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. क्रुक्सने कागदावर काढायचे आणि गिमिंगहॅमने ज्योतीवर काच फिरवत ते प्रत्यक्षात आणायचे. फुग्याच्या भिंतीतून प्लॅटिनमची तार आत न्यायची, ती प्लॅटिनमचीच, कारण तापल्यावर ती साधारण काचेइतकीच प्रसरण पावते आणि सांधा तडकत नाही. त्यानंतर हवा काढायची. त्यासाठी श्प्रेंगेलचा पाऱ्याचा पंप होता. बारीक नळीतून पाऱ्याचा थेंब थेंब खाली पडतो आणि प्रत्येक दोन थेंबांमध्ये हवेचा एक कण सापडून खाली ओढला जातो. काम कित्येक तासांचे. या जोडीने पंपात एकामागून एक सुधारणा केल्या आणि नळीतली हवा वातावरणाच्या दाबाच्या दशलक्षांश भागापर्यंत खाली आणली. क्रुक्स नलिका हे नाव रूढ झाले. गिमिंगहॅम पुढे विजेच्या दिव्यांच्या धंद्यात स्वानकडे गेला आणि पुस्तकांच्या तळटीपांतही फारसा उरला नाही.

अशा नळीत इंडक्शन कॉइलवरून हजारो व्होल्टची वीज सोडली की काय होते? हवा बरीच असेल तर सगळी नळी जांभळट गुलाबी उजळते. हवा काढत गेले की कॅथोडपाशी, म्हणजे ऋण टोकापाशी, एक काळोखा पट्टा तयार होतो आणि वाढत वाढत जातो. या पट्ट्याला आजही क्रुक्सचे नाव आहे. तो समोरच्या भिंतीला टेकला की आतला उजेड संपतो आणि काचच चमकू लागते. जर्मन सोडा काच हिरवी, इंग्लंडची शिशाची काच निळी. कॅथोडमधून काहीतरी सरळ रेषेत सुटते आणि काचेवर आदळते हे उघड होते. प्लुकर, हिटॉर्फ, गोल्डस्टाइन या जर्मनांनी ते आधी पाहिले होते. क्रुक्सने त्याचे जणू प्रदर्शन मांडले.

२२ ऑगस्ट १८७९ रोजी शेफील्डला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने हे प्रयोग करून दाखवले. एका नळीत ॲल्युमिनियमचा क्रूस वाटेत उभा. मागच्या हिरव्या काचेवर त्याची काळीभोर सावली. क्रूस आडवा पाडला की सावलीच्या जागची काच, आतापर्यंत विसावा मिळाल्यामुळे, बाजूच्या काचेपेक्षा जास्त तेजाने चमके. दुसऱ्या नळीत काचेच्या रुळांवरून किरणांच्या माऱ्याने धावणारे चिमुकले चाक. लोहचुंबक जवळ आणला की किरणांची वाट वाकडी. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवलेली ती क्रुसाची नळी ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी शेफील्डचा तो कार्यक्रम थोडाफार पाहिला असे म्हणायला हरकत नाही. हे किरण म्हणजे द्रव्याची चौथी अवस्था, असे क्रुक्सचे म्हणणे होते. १८९७ साली जे. जे. टॉमसनने ते इलेक्ट्रॉन असल्याचे दाखवले.

त्या दिवशीच्या नळ्यांपैकी दोन मला वेगळ्या काढाव्याशा वाटतात. पहिलीत कॅथोड सपाट नव्हता, वाटीसारखा खोलगट होता. त्यामुळे किरण एका बिंदूत एकवटत, आणि तिथे क्रुक्सने प्लॅटिनम-इरिडियमचा तुकडा ठेवला होता. तो पांढराशुभ्र तापून वितळे. किरणांत किती उष्णता आहे हे त्याला दाखवायचे होते, आणि ते त्याने दाखवले. पण वेगाने येणारे इलेक्ट्रॉन जड धातूवर आदळून एकदम थांबले, की क्ष-किरण निर्माण होतात. प्लॅटिनम हा जड धातूच. आदळणाऱ्या ऊर्जेतला शंभरावा हिस्साही क्ष-किरणांत जात नाही, बाकी सगळी उष्णता होते. क्रुक्सने नव्याण्णव हिस्से सभागृहाला दाखवले. उरलेला हिस्सा काच ओलांडून निघून गेला.

दुसऱ्या नळीला बाजूला एक छोटे शेपूट होते आणि त्यात कॉस्टिक पोटॅशचा खडा. या नळीतली हवा इतकी काढलेली, की वीजच वाहीना. मग तो खडा किंचित तापवायचा. त्यातून थोडी वाफ सुटते आणि नळी पुन्हा चालू होते. हे शेपूट पुढे किती महत्त्वाचे ठरले ते सांगतोच.

मग क्रुक्सला क्ष-किरण का दिसले नाहीत? मला वाटते, त्याचा प्रश्नच आतला होता. तराजूपासून निघालेला तो माणूस उरलेल्या हवेच्या मागे होता, आणि ती हवा काचेच्या आत होती. शेफील्डनंतरही त्याने माणके, हिरे, दुर्मिळ मृदा असे काय काय नळीच्या आत घालून ते कसे चमकते हे वर्षानुवर्षे पाहिले. नळी काळ्या कागदात गुंडाळण्याचे त्याला कारणच नव्हते; गुंडाळली तर पाहायचे काय? राँटजेनने ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकली होती, आणि म्हणून अंधारात दूरचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकलेला त्याला दिसला. शिवाय क्रुक्स एकटा नव्हता. अमेरिकेत फिलाडेल्फियाला गुडस्पीड आणि जेनिंग्ज यांच्या फोटोच्या काचेवर १८९० साली नाण्यांच्या गोल सावल्या उमटल्या होत्या. त्यांनी ती काच बाजूला ठेवली आणि सहा वर्षांनी बाहेर काढली.

क्रुक्सच्या चरित्रातला आणखी एक भाग टाळून चालणार नाही. १८६७ साली त्याचा धाकटा भाऊ फिलिप क्युबाजवळ समुद्रात तारेची केबल टाकण्याच्या मोहिमेवर असताना पीतज्वराने गेला. त्यानंतर क्रुक्स परलोकविद्येकडे वळला. डॅनिएल होम या प्रख्यात माध्यमाची त्याने स्प्रिंगचे काटे लावून तपासणी केली, फ्लॉरेन्स कुकच्या बैठका घेतल्या, आणि सहकाऱ्यांचा भरपूर उपहास सोसला. १८८३ साली तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. हीच ती सोसायटी, जिचे ठाणे १८७९ पासून १८८२ पर्यंत मुंबईत होते. भुते शोधणाऱ्याला स्वतःच्या खोलीतले अदृश्य किरण दिसले नाहीत, असा टोमणा मारणे सोपे आहे. मला तो स्वस्तातला वाटतो. भाऊ गमावलेल्या माणसाने तराजू घेऊन मृत्यूच्या दाराशी उभे राहावे यात वेडेपणा असेल, पण तराजू त्याने सोडला नाही, हेही खरे.

राँटजेनचा शोध १८९६ च्या जानेवारीत जगभर पसरला, आणि लगेच अडचण लक्षात आली. राँटजेनच्या नळीत किरण काचेच्या भिंतीवर आदळत. क्ष-किरण भिंतीच्या मोठ्या भागातून निघत, त्यामुळे चित्र पुसट येई आणि काच तापून वितळण्याची भीती. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या हर्बर्ट जॅक्सनने क्रुक्सच्या वाटीच्या कॅथोडची नळी घेतली, आणि प्लॅटिनमचा पत्रा तिरका बसवला, म्हणजे क्ष-किरण एका बिंदूतून निघून बाजूला बाहेर पडतील. हाडांच्या कडा एकदम रेखीव दिसू लागल्या. ही फोकस ट्यूब पुढची सतरा-अठरा वर्षे दवाखान्यांत चालली. तिची काच सोड्याची हवी, शिशाची नको, कारण शिसे क्ष-किरण अडवते.

पण ही नळी लहरी होती. तिला थोडी हवा लागतेच. त्या हवेचे विद्युतभारित कण कॅथोडवर आपटतात तेव्हाच तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. वापरता वापरता ही उरलीसुरली हवा काच आणि धातू गिळून टाकतात. मग नळी 'कडक' होते: जास्त व्होल्ट मागते, किरण अधिक भेदक होतात, हाड आणि मांस यांतला फरक पुसला जातो आणि शेवटी वीजच जात नाही. उपाय काय, तर क्रुक्सचे ते शेपूट! पोटॅश, अभ्रक, कोळसा किंवा पॅलेडियमची बारीक नळी जोडायची आणि ती तापवून चिमूटभर वायू आत सोडायचा. जवळजवळ प्रत्येक कारखानदाराने आपापल्या तऱ्हेचे शेपूट लावले.

नळी आज मऊ आहे की कडक, हे डॉक्टर कसे ओळखत? पडद्यासमोर स्वतःचा हात धरून. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे. आधी कातडी लाल झाली, मग नखे गेली, मग बोटे कापावी लागली. एडिसनचा मदतनीस क्लॅरन्स डॅली १९०४ साली याच दुखण्याने मेला. हँबर्गला १९३६ साली उभारलेल्या स्मारकावर अशा डॉक्टर-तंत्रज्ञांची नावे कोरलेली आहेत. या लहरी नळीचा जमाना १९१३ साली कूलिजने तापलेल्या टंगस्टन तारेची, हवेची गरजच नसलेली नळी काढली तेव्हा सरू लागला. क्रुक्स तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचा होता आणि रॉयल सोसायटीचा अध्यक्ष.

मधल्या काळात तो स्वस्थ बसला नव्हता. १८९७ साली सर झाला. १८९८ साली जगाला गहू पुरायचा तर हवेतला नायट्रोजन खतासाठी बांधायला शिका, असे त्याने ब्रिस्टलच्या अधिवेशनात बजावले. १९०३ साली त्याला झिंक सल्फाइडच्या पडद्यावर रेडियमच्या कणागणिक ठिणगी उडताना दिसली. ती त्याने भिंगाखाली छोट्या पितळी नळीत बसवून सगळ्यांना दाखवली.

त्याचे अखेरचे मोठे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही. काचकारखान्यातल्या कामगारांना भट्टीच्या तेजाने अकाली मोतीबिंदू होतो. त्यावर उपाय शोधण्यासाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली होती. क्रुक्सने या कामासाठी निरनिराळे धातू मिसळून तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा करून पाहिल्या. भट्टीची उष्णता आणि जंबुपार किरण अडवणारी, तरी डोळ्यांना दिसण्यापुरता उजेड सोडणारी काच त्याला हवी होती. सेरियम घातलेल्या काचा त्यात उपयोगी ठरल्या. हे संशोधन १९१४ साली प्रसिद्ध झाले आणि क्रुक्स ग्लास या नावाने ते चष्मे पुढे दुकानांत मिळू लागले. १९१६ साली एलेन गेली. ४ एप्रिल १९१९ रोजी क्रुक्स लंडनच्या आपल्या घरी वारला. प्रयोगशाळा त्याच घरात होती.