रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम : भूकंपाचा माग काढणारे पंडित

रेडीच्या खाडीकाठी यशवंतगडाचे जांभ्या दगडाचे तट पाहिले, म्हणजे आपल्या पायांखालची भूमी अढळ आहे असे कोणासही वाटेल. परंतु ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे निजल्या जागी घरांच्या दगडमातीखाली गतप्राण झाली. अशा संकटाची चाहूल भूमीवरील खुणांवरून घेता येईल काय? या विषयाच्या अभ्यासाचा हिंदुस्थानात पाया घालणारांपैकी एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रिचर्ड ओल्डहॅम यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिन शहरी झाला. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम हे हिंदुस्थानच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख होत. त्यांनी १८६९ च्या काचार येथील भूकंपाचा वृत्तांत व या देशातील जुन्या भूकंपांची यादी तयार केली होती; पण ती छापून होण्यापूर्वीच १८७८ साली ते निवर्तले. पुढील वर्षी पुत्र त्याच खात्यात दाखल झाला, आणि पित्याचे हे अपुरे कार्य त्याने भक्तिपूर्वक सिद्धीस नेले.

१२ जून १८९७ रोजी सायंकाळी आसामात महाभयंकर भूकंप झाला. शिलाँग येथील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. ओल्डहॅम यांनी गावोगावचे वृत्तांत जमविले, सहकाऱ्यांस ठिकठिकाणी धाडिले, आणि स्वतः डोंगररानांतून हिंडून पाहणी केली. चेद्रांग नदीच्या खोऱ्यात त्यांस एक विलक्षण दृश्य दिसले. तेथे जमीन लांबवर चिरून तिची एक बाजू काही ठिकाणी सुमारे ३५ फूट वर उचलली गेली होती. नदी ही चीर पुनःपुन्हा ओलांडीत होती. वाहत्या पाण्यापुढे उचललेली बाजू आडवी आली तेथे डोह साचला. पाणी उचललेल्या बाजूवरून खाली उतरले तेथे धबधबा झाला. अशा चिरेस शास्त्रज्ञ भ्रंश म्हणतात.

या भ्रंशाचे महत्त्व काय? जुना कातळ कोठे ना कोठे तुटलेला असतोच. तेवढ्याने भय मानण्याचे कारण नाही. परंतु नदीने अलीकडे आणून टाकलेले मातीचे थरही जेथे तुटलेले दिसतात, तेथील भ्रंश तरुण व जागता समजावा. आजचे शास्त्रज्ञ अशा जागी चर खणतात, तुटलेल्या थरांचे वय ठरवितात, आणि भूमी कितीदा, किती अंतराने व किती सरकली हे ताडून त्या प्रदेशाचा धोका अजमावितात. भूकंपाची तिथी त्यातून कळत नाही. परंतु धरणे, पूल व घरे किती बळकट बांधावी हे मात्र कळते.

ओल्डहॅम यांनी १९०३ साली सेवानिवृत्ती घेतली. तरी त्यांचे संशोधन थांबले नाही. भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून कशा जातात याचा विचार करून पृथ्वीस निराळा गाभा आहे, असे त्यांनी १९०६ साली दाखवून दिले. उतारवयात त्यांनी १८१९ च्या कच्छच्या भूकंपाचा अभ्यास केला. त्या वेळी रणात मातीचा लांबलचक उंचवटा एकाएकी वर आला होता; लोक त्यास अल्लाबंद म्हणतात. त्याचबरोबर आसामविषयीचे स्वतःचे जुने निष्कर्षही त्यांनी पुन्हा तपासून पाहिले. स्वतःचे लेखन पुन्हा तपासण्यास मोठे मन लागते. १५ जुलै १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुढे २००१ साली शिलाँग पठाराच्या उत्तरेस जमिनीत खोल दडलेला एक भ्रंश शास्त्रज्ञांनी अनुमानाने दाखविला व त्यास ओल्डहॅम यांचे नाव दिले. यावरून आणखी एक बोध होतो. किल्लारीस जे घडले, ते तेथील भूमी स्थिर समजली जात असताना घडले. सबब वर खूण दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

विद्यार्थीमित्रहो, पित्याचे अपुरे काम पुढे नेणारा हा पुत्र आम्हांस आदरणीय वाटतो. घरबांधणीचा बेत करणाऱ्या पालकांसही आमची नम्र विनंती आहे, की भिंती एकमेकींस नीट सांधाव्या व छपराचा भार बेताचा ठेवावा. भूकंप टाळणे मनुष्याच्या हाती नाही. घर बळकट बांधणे मात्र त्याच्या हाती आहे.