लोराँ क्लेर

फ्रान्सच्या आग्नेय भागात, लिओं शहराजवळ, ला बाल्म नावाचे एक लहानसे गाव आहे. २६ डिसेंबर १७८५ रोजी तेथील एका प्रतिष्ठित घराण्यात लोराँ क्लेर यांचा जन्म झाला. वडील नोटरी होते व गावचा कारभारही पाहत. लोराँ जेमतेम वर्षाचा असताना स्वयंपाकघरातील खुर्चीवरून चुलीत पडला. उजवा गाल भाजला आणि त्यावर कायमचा व्रण राहिला. त्याला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या पुढे लक्षात आले व त्यांनी त्याचे कारण या अपघातात शोधले. तो जन्मतःच बहिरा असण्याचाही संभव आहे. बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाने ना शाळा पाहिली, ना अक्षर. गुरे राखावीत, घरच्यांशी मोजक्या खुणांनी बोलावे, एवढेच त्याचे जग होते.

१७९७ मध्ये काकांनी त्याला पॅरिसच्या राष्ट्रीय बधिर विद्यालयात घातले. आबे द लेपे या धर्मगुरूंनी अठराव्या शतकात सुरू केलेल्या शाळेतून ते उभे राहिले होते. पॅरिसमधील बहिऱ्या माणसांची एक खुणांची भाषा आधीपासूनच होती. द लेपे यांनी ती आत्मसात केली आणि फ्रेंच व्याकरण शिकवण्यासाठी तिच्यात स्वतःच्या काही कृत्रिम खुणांची भर घातली. लोराँला प्रथम शिकवले ते झाँ मास्यू यांनी. ते स्वतः बहिरे होते. शब्द म्हणजे काय, वाक्य म्हणजे काय, हे या मुलाला एका बहिऱ्या माणसाच्या हातांतून उमगले. त्याच शाळेतील दुसरे एक शिक्षक मात्र त्याला तोंडाने बोलायला शिकवू पाहत होते. 'द' आणि 'त' यांतला भेद लोराँला जमेना. संतापलेल्या शिक्षकांनी हनुवटीखाली असा ठोसा मारला, की त्याची जीभ दातांखाली सापडली. त्यानंतर आपण कधीही तोंडाने बोलणार नाही, असा निश्चय त्याने केला आणि तो जन्मभर पाळला.

पुढे क्लेर त्याच विद्यालयात शिक्षक झाले. १८१५ मध्ये विद्यालयाचे प्रमुख आबे सिकार त्यांना व मास्यूंना घेऊन लंडनला गेले. तेथे जाहीर प्रयोग होत. श्रोत्यांनी प्रश्न विचारावा, सिकार यांनी तो खुणांनी सांगावा आणि या दोघांनी उत्तर फळ्यावर लिहावे. लंडनच्या बधिर मुलांच्या शाळेत क्लेर गेले, तेव्हा मुले जेवायला बसली होती. त्यांना पाहताच क्लेर यांना भरून आले आणि थोड्याच वेळात हातवाऱ्यांनी संवाद सुरू झाला. वास्तविक इंग्लंडमधील खुणा निराळ्या होत्या. तेथे अक्षरेही दोन्ही हातांनी दाखवत, पॅरिसमध्ये एकाच हाताने. परंतु निरनिराळ्या भाषांचे बहिरे लोक अभिनयाच्या आधारे चटकन जुळवून घेतात. बोलणाऱ्यांना ते इतके सहज साधत नाही.

याच प्रयोगांच्या वेळी थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हे अमेरिकी गृहस्थ त्यांना भेटले. कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे ॲलिस कॉग्सवेल ही एका डॉक्टरांची बहिरी मुलगी होती. तिच्यासारख्यांसाठी शाळा काढावी म्हणून तेथील लोकांनी गॅलॉडेट यांना युरोपात धाडले होते. ब्रिटनमधील शाळाचालकांनी पद्धत गुप्त ठेवण्यासारख्या अटी घातल्या, म्हणून ते पॅरिसला आले. काही महिन्यांच्या शिक्षणाने काम भागणार नाही हे त्यांनी ओळखले आणि क्लेर यांनाच अमेरिकेला येण्याची गळ घातली. आईचा विरोध होता, तरी क्लेर तीन वर्षांच्या कराराने निघाले. १८ जून १८१६ रोजी ल हाव्र बंदरातून गलबत सुटले. न्यूयॉर्क गाठायला ५२ दिवस लागले. त्या दिवसांत गॅलॉडेट क्लेर यांना इंग्रजी शिकवत आणि क्लेर गॅलॉडेट यांना खुणा.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा अवघ्या सात विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पुढे मुले वाढली आणि ती रिकाम्या हातांनी आली नाहीत. कोणी घरच्या खुणा आणल्या, तर मार्थाज् व्हिनयार्ड या बेटावरील मुलांनी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली संपूर्ण भाषा आणली. त्या बेटावर बहिरेपण इतके होते, की ऐकणारी माणसेही सर्रास खुणांनी बोलत. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांच्या खुणा वसतिगृहात, भोजनगृहात एकमेकींत मिसळल्या आणि अमेरिकन सांकेतिक भाषा आकाराला आली. 'शोधणे' या अर्थाची तिची खूण आजही 'सी' या अक्षराच्या हाताने करतात, कारण फ्रेंचमधील 'शेर्शे' हा शब्द 'सी'ने सुरू होतो. इंग्रजीशी या खुणेचा काही संबंध नाही. 'पाव', 'चावी', 'पगार' हे शब्द उच्चारताना मराठी माणसाला पोर्तुगीजांची आठवण होत नाही, तसेच हे आहे. मात्र संपर्कातून भाषा केवळ जन्मत नाहीत, लोपही पावतात. हार्टफर्डहून परतलेल्यांनी नवी भाषा बेटावर नेली. लग्नसंबंधही बाहेर जुळू लागले. बेटाच्या जुन्या परंपरेतील अखेरची बहिरी व्यक्ती १९५२ मध्ये निवर्तली.

अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात, पण त्यांच्या सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकन खुणांचे नाते फ्रान्सशी आहे. खुणांची भाषा ही बोलीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे, याला याहून ठळक पुरावा क्वचितच सापडेल. क्लेर यांनी आरंभी द लेपे यांच्या कृत्रिम खुणा इंग्रजीसाठी बदलून वापरल्या. मुलांमध्ये त्या रुजल्या नाहीत आणि काही वर्षांत मागे पडल्या. उच्चार झिजावेत तशा खुणाही झिजल्या. 'मदत' दाखवताना पूर्वी एक हात दुसऱ्याच्या कोपराला टेकवत. पुढे तो मुठीखाली आला.

तीन वर्षांसाठी आलेले क्लेर अमेरिकेतच राहिले. १८१९ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी एलिझा बोर्डमन हिच्याशी विवाह केला. फ्रान्सला ते गेले, पण पाहुणे म्हणून. त्यांचे विद्यार्थी नव्या शाळांमध्ये शिक्षक झाले आणि त्यांच्याबरोबर भाषा देशभर गेली. १८५८ मध्ये ते निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे बहिऱ्यांच्या महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्या समारंभास वृद्ध क्लेर उपस्थित होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अकराच वर्षांनी मिलान येथील परिषदेत ऐकणाऱ्या शिक्षकांनी बहुमताने खुणांऐवजी तोंडी बोलण्याचा पुरस्कार केला. अनेक शाळांतून बहिरे शिक्षक दूर झाले. मुलांचे हात वर्गात थांबले. वसतिगृहात मात्र चालू राहिले. १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच महाविद्यालयातील विल्यम स्टोको यांनी हाताचा आकार, जागा व हालचाल या घटकांतून प्रत्येक खूण कशी घडते हे दाखवले, तेव्हा विद्वानांनी तिला भाषा म्हणून मोजायला सुरुवात केली. अमेरिकेतील बहिऱ्या लोकांना त्यासाठी थांबण्याची गरज नव्हती. ते क्लेर यांचे नाव दोन बोटे गालावरून खाली ओढून घेतात. गालावरच्या त्या व्रणावरून पॅरिसच्या शाळेत पडलेले हे नाव आजही तसेच चालते.